तांब्यात कोरलेली म्हातारी

आधी तिचा दंड बघा, चेहरा नंतर. खांद्यापासून कोपरापर्यंत एखाद्या पैलवानाचा असावा असा दंड आहे, आणि त्याच्या वर जो चेहरा आहे तो मात्र पार सुरकुतलेला, गाल बसलेले, ओठ आत गेलेले, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. शेजारी एक भलंमोठं पुस्तक उघडं आहे, आणि ते ती डोळ्यांपासून चांगलं लांब धरून, मान मागे घेऊन वाचतेय. मागे दोन उघडी पोरं एकमेकांना बिलगून उभी आहेत, एकाच्या काखेत अजून एक पुस्तक. ती पोरं तिच्याकडून काहीतरी ऐकायला थांबलीत असं वाटतं, आणि तिचं त्यांच्याकडे अजिबात लक्ष नाही, ती वाचतेय.

ही कुमाची सिबिल. सिबिल म्हणजे जुन्या ग्रीक आणि रोमन लोकांच्या परंपरेतली भविष्य सांगणारी बाई. हे एकीचं नाव नाही, अशा बऱ्याच जणी होत्या, वेगवेगळ्या गावच्या, आणि कुमा हे इटलीत नेपल्सच्या पश्चिमेला समुद्राकाठी ग्रीकांनी वसवलेलं गाव, तिथली ही. मूळ चित्र मायकेल अँजेलोचं, रोमच्या सिस्टाइन चॅपलच्या छतावर त्याने १५०८ ते १५१२ या काळात रंगवलं त्यातलं. पण मला आज लिहायचंय ते छताबद्दल नाही. त्या छतावरच्या म्हातारीला जॉर्जो गिझी नावाच्या माणसाने १५७० नंतरच्या पाचेक वर्षांत तांब्याच्या पत्र्यावर कोरलं आणि कागदावर छापलं, त्या प्रिंटबद्दल लिहायचंय. साधारण अर्धा मीटर उंचीचा कागद, फक्त काळी शाई, रंगाचं नाव नाही.

मला हे चित्र पहिल्यांदा एका परदेशी म्युझियमच्या साइटवर सापडलं. शोधत होते भलतंच काहीतरी. तिथे झूम करता येतं, म्हणून मी नुसतंच मोठं करत गेले, आधी हात, मग मनगट, मग त्या दंडावरचा सावलीचा भाग, आणि एका पॉइंटला चित्र संपलं आणि नुसत्या रेषा राहिल्या. एका दिशेने वळत गेलेल्या रेषा, त्यांना छेद देणाऱ्या दुसऱ्या रेषा, त्यांच्यामध्ये शंकरपाळ्यासारखे चौकोन, आणि त्या चौकोनांत, म्हणजे जिथे सावली अजून थोडी गडद हवी तिथे, एकेक बारीक ठिपका. प्रत्येक चौकोनात एक. हाताने ठेवलेला. मी किती वेळ बघत बसले होते मलाच माहीत नाही, कारण ते ठिपके मी आधी पाहिलेले होते, आणि कुठे ते लगेच आठवलं.

आम्ही मूळचे मिरजेचे. लहानपणी सुट्टीत आजीकडे असताना भांड्यांवर नावं घालणारा माणूस यायचा. हल्ली मशीनने करतात, तेव्हा हातानेच. दारात पोतं टाकून बसायचा, मांडीवर पितळेचा डबा आडवा, एका हातात टोकदार छिन्नी, दुसऱ्या हातात छोटीशी हातोडी, आणि टुक टुक टुक टुक. अक्षर म्हणजे सलग रेघ नाही, ठिपक्याला ठिपका लावत गेलेली ओळ. अक्षरं आधी पेन्सिलने वगैरे लिहून घ्यायचाच नाही, सरळ सुरुवात करायचा आणि डब्याच्या गोलाईवर ओळ बरोबर आडवी यायची. आजी शेजारी बसून प्रत्येक काना-मात्रा तपासायची, कारण एकदा धातूत गेलेली चूक परत येत नाही हे तिला चांगलं माहीत होतं. आमच्याकडे तिचा माहेरहून आलेला एक डबा आहे, त्यावर तिच्या वडिलांनी तिचं नाव घालून दिलेलं, लग्नाआधीचं नाव. त्या डब्याचं पुढे सांगते.

तर सिबिल.

कुमाच्या सिबिलच्या दोन-तीन गोष्टी आहेत आणि त्या मला एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत. एक रोमची. रोमच्या शेवटच्या राजांपैकी टार्क्विन म्हणून एक होता, त्याच्याकडे एक अनोळखी म्हातारी आली नऊ पुस्तकं घेऊन, म्हणाली ही विकायची आहेत, आणि जी किंमत सांगितली ती राजालाही परवडेना. तो हसला. तिने तिथेच विस्तव पेटवून तीन पुस्तकं जाळली आणि उरलेल्या सहांचा भाव सांगितला, तोच, आधीचाच. राजाला वाटलं बाई भ्रमिष्ट आहे. तिने आणखी तीन जाळली आणि शेवटच्या तीनचीही किंमत तीच. मग मात्र राजा घाबरला आणि पूर्ण किंमत मोजून तीन पुस्तकं घेतली. बाई निघून गेली ती परत कुणाला दिसली नाही. आपल्याकडे बाजारात माल कमी होत गेला की भाव चढतो हे आपण रोज बघतो, पण स्वतःचा माल स्वतः जाळून भाव तसाच ठेवायचा याला जी छाती लागते ना, ती मला त्या दंडात दिसते. मायकेल अँजेलोने तिला असा दंड का दिला याची मोठी मोठी कारणं अभ्यासक देतात, पण ही गोष्ट वाचल्यावर मला कारण लागलंच नाही.

ती पुस्तकं रोमने शेकडो वर्षं सांभाळली. कॅपिटोलच्या टेकडीवर ज्युपिटरच्या देवळात ठेवलेली, त्यांच्यावर नेमलेली माणसं, आधी दोन, मग दहा, पुढे पंधरा. कुणीही उठून वाचायची सोय नव्हती, मोठं संकट आलं, रोगराई, पराभव, विचित्र अपशकुन, की सेनेटच्या हुकमानेच उघडायची. हॅनिबल या कार्थेजच्या सेनापतीशी लढाई चालू असताना असंच पुस्तक उघडलं गेलं आणि त्यावरून इ.स.पू. २०४ मध्ये आशिया मायनरमधून एक आख्खी देवी, सिबेली, रोममध्ये आणून बसवली गेली, म्हणजे विचार करा एका म्हातारीच्या पुस्तकात किती वजन होतं. इ.स.पू. ८३ मध्ये देवळाला आग लागून ती जळाली. मग सेनेटने माणसं पाठवून ठिकठिकाणच्या सिबिलींची वचनं गोळा करून नवी पुस्तकं तयार केली, ती पुढे सम्राट ऑगस्टसने अपोलो देवाच्या देवळात नेली, आणि पाचव्या शतकाच्या सुरुवातीला स्टिलिको नावाच्या सेनापतीने ती पण जाळून टाकली म्हणतात. म्हणजे पुस्तकं जाळायची सुरुवात तिनेच केली होती आणि शेवटही आगीतच झाला.

दुसरी गोष्ट पानांची. व्हर्जिल या रोमन कवीच्या महाकाव्यात येते. ही सिबिल भविष्य पुस्तकात लिहीतच नाही, झाडाच्या पानांवर लिहिते, आणि पानं गुहेत क्रमाने लावून ठेवते. दार उघडलं की वारा आत येतो आणि पानं उडतात, सगळा क्रम विस्कटतो, आणि ती परत लावायच्या भानगडीत पडत नाही. लोक उत्तर न मिळता परत जातात आणि तिच्या नावाने बोटं मोडतात. म्हणून ट्रॉयहून निघालेला इनियास, त्या महाकाव्याचा नायक, तिच्याकडे येतो तेव्हा तो आधीच विनवतो की बाई पानांवर लिहू नकोस, तोंडाने सांग. आणि ती सांगते, अंगात आल्यासारखी होऊन, आणि मग त्याला हाताशी धरून पाताळात घेऊन जाते आणि सुखरूप परतही आणते. तिच्या गुहेला शंभर तोंडं आणि शंभर दारं, त्या प्रत्येकातून तिचा आवाज बाहेर येतो असं वर्णन आहे. १९३२ साली अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला कुमाला खडकात खोदलेला शंभर मीटरहून जास्त लांबीचा बोगदा सापडला, वर निमुळता होत गेलेला, एका बाजूने ओळीने उघडी तोंडं आणि त्यातून आत येणारे उजेडाचे पट्टे, तेव्हा त्याने सांगून टाकलं की हीच ती गुहा. आता बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की तो संरक्षणासाठी खोदलेला असावा. मला त्याने फार फरक पडत नाही, फोटो बघूनसुद्धा हाक मारावीशी वाटते.

तिसरी गोष्ट सगळ्यात जवळची. ती तरुण असताना अपोलो तिच्यावर भाळला आणि म्हणाला काय हवं ते माग. तिने शेजारच्या ढिगातली मूठभर धूळ उचलली आणि म्हणाली हिच्यात जितके कण तितकी वर्षं मला दे. कण निघाले हजार. पण तरुणपण मागायचं राहून गेलं. अपोलो तेही द्यायला तयार होता, त्याच्या अटीवर, ती अट तिने मानली नाही. मग हजार वर्षं फक्त म्हातारपण. ओव्हिड या रोमन कवीने ही गोष्ट तिच्याच तोंडून सांगितलीय, इनियासबरोबर पाताळातून वर चढून येताना वाटेत ती बोलते, की सातशे वर्षं झाली, अजून तीनशे सुगी बघायच्यात, आत्ता ही अशी दिसतेय ती पुढे आक्रसत आक्रसत इतकी बारीक होईन की कुणाला दिसणार नाही, पण आवाज राहील, नशीब माझा आवाज तेवढा ठेवील. आणि पुढच्या काळातल्या एका रोमन कथेत एकजण सांगतो की मी कुमाला तिला प्रत्यक्ष पाहिलं, कुपीत टांगलेली होती, पोरं विचारत होती सिबिल तुला काय हवंय, आणि ती म्हणत होती, मरण हवंय.

हे वाचलं आणि मी परत चित्राकडे गेले. मागची ती दोन पोरं बघितली. मायकेल अँजेलोच्या मनात ती कुपीपाशी विचारणारी पोरं होती असं मी म्हणत नाहीये, छतावर जवळजवळ सगळ्याच प्रेषितांच्या आणि सिबिलींच्या मागे अशी पोरं आहेत. पण मला आता ती तशीच दिसतात.

एक प्रश्न पडतोच की ख्रिश्चन धर्मगुरूंच्या खास प्रार्थनागृहाच्या छतावर ही अपोलोच्या देवळातली बाई कशी काय. तर व्हर्जिलनेच इ.स.पू. ४० च्या आसपास एका कवितेत लिहिलं होतं की कुमाच्या गाण्यातलं शेवटचं युग आता आलंय, एक बाळ जन्माला येतंय, त्याच्याबरोबर सोन्याचं युग परत येईल. पुढे ख्रिस्ती लोकांनी ते बाळ म्हणजे येशू असं वाचलं. मग सिबिली या परधर्मातल्या असूनही आपल्या देवाची चाहूल लागलेल्या बायका ठरल्या, आणि ज्यू प्रेषितांच्या शेजारी त्यांना जागा मिळाली. सिस्टाइनच्या छतावर सात प्रेषित आहेत आणि पाच सिबिली. सिएनाच्या कॅथेड्रलच्या संगमरवरी फरशीतही दहा जणी आहेत. मला या सगळ्यात आवडतं ते हे की एवढ्या दाढीवाल्या पुरुषांच्या रांगेत त्यांना गप्प बसलेल्या किंवा कुणाची आई म्हणून नाही बसवलेलं. पुस्तकं हातात घेऊन बसल्यात. आणि त्यात कुमाचीच तेवढी इतकी म्हातारी आणि इतकी ताकदवान, त्याच छतावरची डेल्फीची सिबिल बघा, कोवळी पोर आहे, मोठे डोळे करून मान वळवून बघतेय. तिच्यावर लोक जास्त प्रेम करतात, कार्डांवर, कॅलेंडरवर तीच असते. म्हातारीचं कुणी कार्ड छापत नाही.

आता गिझी. हा मांतुआचा. उत्तर इटलीतलं शहर, १५२० मध्ये तिथे जन्मला आणि १५८२ मध्ये वारला. आणि व्हर्जिल कुठला? तोही मांतुआजवळचाच, तिथल्याच एका खेड्यात जन्मलेला. म्हणजे ज्या कवीने या म्हातारीला पानं दिली, गुहा दिली, शंभर तोंडं दिली, त्याच्याच गावच्या माणसाने सोळाशे वर्षांनी तिला तांब्यात कोरलं. व्हर्जिल म्हणजे त्या शहराचा अभिमान, तिथे लहानाचा मोठा झालेल्या गिझीला ती कोण हे कुणी वेगळं सांगायला लागलं नसणार. मला हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात एक चक्कर मारून आले.

गिझी नुसता प्रिंटवाला नव्हता, धातूतला माणूस होता. ब्रिटिश म्युझियममध्ये त्याने केलेली एक लोखंडी ढाल आहे, १५५४ ची, सोन्याचांदीची तार ठोकून बसवलेली, त्यावर त्याने स्वतःची सही केलीय. तरुणपणी तो अँटवर्पला गेला, तिथे हिरोनिमस कॉक नावाच्या प्रकाशकासाठी राफाएलच्या भित्तिचित्रांवरून मोठे मोठे पत्रे कोरले. त्या वेळी युरोपच्या उत्तरेत बसलेल्या चित्रकाराला रोममधलं काही बघायचं तर एक तर महिनोन्महिने प्रवास करा, नाहीतर असा कागद विकत घ्या. आणि रोमला पोचून तरी काय, सिस्टाइन चॅपल हे पोपचं खासगी चॅपल, छत साधारण २० मीटर उंचावर, खालून मान दुखेपर्यंत बघितलं तरी म्हातारीच्या गालावरची सुरकुती काय दिसणार. तो गाल गिझीने लोकांच्या टेबलावर आणला. मायकेल अँजेलो १५६४ मध्ये गेला होता, त्यामुळे त्याने हे पत्रे पाहिले नाहीत. त्याने पाहायला हवे होते असं मला फार वाटतं.

अशी कोरणारी माणसं मुळात सोनारांतूनच आली. गिझीच्या शंभरेक वर्षं आधी फ्लोरेन्समध्ये बाच्चो बाल्दिनी म्हणून एक सोनार होता, त्याच्या नावावर चोवीस प्रेषित आणि बारा सिबिलींची एक आख्खी मालिका सांगतात, १४७० च्या दशकातली. तीही सुंदर आहे, डोक्यावर काय काय बांधलेलं, रिबिनी, मोती, चित्राखाली इटालियन कवितेच्या आठ-आठ ओळी, सगळं अगदी दागिना घडवल्यासारखं. पण त्यातल्या बायकांना वजन नाही. सोन्याच्या पत्र्यावरच्या नक्षीसारख्या त्या वर वर राहतात. गिझीची बाई बसली की दगड हलेल.

हे काम कसं करतात ते मला वाचून कळलं नसतं. दोन वर्षांपूर्वी मी एका शनिवार-रविवारच्या वर्कशॉपला गेले होते, प्रिंटमेकिंग शिकवणाऱ्या एका बाईंकडे. हाताच्या तळव्याएवढा तांब्याचा पत्रा दिला आणि ब्युरिन. ब्युरिन म्हणजे पोलादाची बारीक चौकोनी सळी, टोक तिरकं घासून धार काढलेली, मागे लाकडाची बोंडासारखी मूठ, ती तळहातात बसवायची आणि मनगटाने नाही, खांद्याने ढकलायचं. टोकापुढून तांब्याची केसासारखी तार गोल गोल निघत येते. रेघ जाड हवी तर जोर वाढवा, बारीक हवी तर कमी करा, आणि शेवटी टोक असं हळूच वर उचला की रेघ विरून जाईल. गोल रेघ काढायची तर हात वळवायचा नाही, हात तिथेच ठेवायचा आणि पत्राच फिरवायचा, त्याच्याखाली त्यासाठी वाळू भरलेली चामड्याची उशी असते. मी तीन तासांत एक खांद्याची गोलाई काढली. त्यात एकदा ब्युरिन घसरला आणि डाव्या अंगठ्यात गेला, खोल, आणि त्या दिवशी मला कळलं की त्या म्हातारीच्या दंडावरची प्रत्येक रेघ म्हणजे कुणीतरी श्वास धरून पूर्ण केलेली एक गोष्ट आहे, आणि अशा हजारो आहेत, आणि एक जरी घसरली असती तरी ती दिसली असती.

सगळ्यात अवघड काय तर उलटं. पत्र्यावर जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे येतं, अक्षरं तर आरशातल्यासारखी कोरावी लागतात. मी तिथे बसून देवनागरी ‘स’ उलटा काढायचा प्रयत्न करत होते आणि मला आमच्या मिरजेची गोष्ट आठवत होती, ती इथे सांगतेच. पुण्यात नाना फडणवीसांच्या काळात एका तांबटाने इंग्रजांकडून ही विद्या उचलली आणि आख्खी भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरायचं काम सुरू केलं. नाना १८०० मध्ये गेले, तो कारागीर मिरजेला आला, पटवर्धनांच्या आश्रयाने काम पुरं झालं आणि १८०५ मध्ये ती गीता मिरजेत छापली गेली. अठरा अध्याय, उलट्या अक्षरांत, भांडी घडवणाऱ्या हातांनी. आमच्या गावात हे झालं होतं आणि मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

मग छपाई. पत्रा थोडा गरम करून शाई चोपडायची, सगळीकडे, चरांत जाईपर्यंत. मग जाळीच्या कापडाने पुसायची, आणि शेवटी नुसत्या तळहाताने, म्हणजे वरचा पत्रा चकचकीत आणि शाई फक्त चरांमध्ये. वर ओलसर कागद, वर लोकरीचे जाड तुकडे, आणि दोन रुळांमधून दाबून काढायचं. दाब इतका की मऊ झालेला कागद चरांत शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणून अशा प्रिंटवर बोट फिरवलं तर रेघ हाताला लागते, ती कागदावर जरा उभी असते. कागद उचलताना जो चिकट, फाटल्यासारखा आवाज येतो तो आला आणि आम्ही सगळे गप्प झालो, प्रत्येक वेळी.

आणि आता जे सांगायचंय ते. प्रत्येक छापाला पत्रा झिजतो. पुसताना झिजतो, दाबाने झिजतो. पहिले काही छाप गडद, मखमली काळे, बारीकातली बारीक रेघ जागेवर. मग हळूहळू आधी ते ठिपके जातात. मग बारीक रेघा फिक्या होतात, सावली करडी होते. काही शे छापांनंतर बाई तीच, बसलीय तशीच, पण विरळ. मग कुणीतरी प्रकाशक जुना पत्रा विकत घेतो, त्याच्याच रेघांतून कुणाकडून तरी परत ब्युरिन फिरवून घेतो, आपलं नाव खाली घालतो आणि पुन्हा छापतो. त्या काळी असं सर्रास चालायचं. ओव्हिडच्या गोष्टीत ती म्हणालीच होती की आक्रसत जाईन, दिसेनाशी होईन. मायकेल अँजेलोच्या छतावर ती तशी होत नाही, तिथे तिला रंग आहेत, चुन्यात मुरलेले. पण तांब्याच्या पत्र्यावर तिचं ते बोलणं खरं होतं. जितक्या लोकांनी तिला बघायला मागितलं तितकी ती झिजली, एकेका कागदाने.

म्हणून आता मी कुठलंही जुनं प्रिंट बघताना आधी सावली बघते, ठिपके आहेत का गेले. त्यावरून कळतं की तुमच्यासमोर आलेली बाई सातशे वर्षांची आहे का नऊशे. त्या साइटवरचा छाप चांगला आहे, ठिपके शाबूत आहेत. मी तो डाउनलोड केला, मोठ्या कागदावर प्रिंट काढली, आता माझ्या टेबलासमोर भिंतीवर आहे. घरी येणारे विचारतात हा कोण पुरुष. मी सांगते बाई आहे, वाचतेय.

आजीसुद्धा पोथी अशीच धरायची. चष्मा होता पण नंबर कधीच बदलून घेतला नाही तिने, त्यामुळे हात लांब, मान मागे, आणि ओठ हलत असायचे पण आवाज नाही. शेवटच्या दोन वर्षांत दिसायचंच बंद झालं, तरी पोथी मांडीवर उघडी असायची आणि पान उलटायची वेळ तिला बरोबर कळायची. आम्ही मुलं मागे उभी राहून बघायचो चुकते का. एकदाही चुकली नाही.

तो माहेरचा डबा आता माझ्याकडे आहे. पितळेचा, झाकणाला कडी. साठ-सत्तर वर्षं चिंच आणि राख लावून नारळाच्या शेंडीने घासला गेलाय, आजीने घासला, मग आईने. नाव जवळजवळ गेलंय. समोरून बघितलं तर नुसतं पितळ. तिरका धरून खिडकीपाशी नेला की पहिलं अक्षर दिसतं, मग तीन-चार सुटे ठिपके, मग काहीच नाही, आणि एकदम शेवटी एक वेलांटी. बाकीचं मी बोटाने वाचते. परवा आईला म्हटलं परत घालून घेऊया का नाव, त्याच रेघांवरून, बाजारात मशीनवाला बसतो तो पाच मिनिटांत देईल करून. आई काही बोलली नाही. डबा माझ्या हातातून घेतला, अंगठा त्या जागेवरून फिरवला आणि तिच्या आईचं लग्नाआधीचं नाव, जे घरात मी कधीच कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, ते मोठ्याने वाचून दाखवलं.